कामाच्या तेरवीला येणारा माणूस

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत एका साहेबांचा सत्कार होता. मी इथं पुण्यात गेटवर सिक्युरिटीचं काम करतो. शाल-श्रीफळाचं ताट धरायला कोणी सापडेना, म्हणून सेक्रेटरी साहेबांनी मला टोपी नीट करायला सांगितली आणि स्टेजजवळ उभं केलं. साहेबांच्या अंगावर शाल चढली, टाळ्या झाल्या, आणि त्या शालीकडं पाहता पाहता माझ्या हातातलं ताट कललं, नारळ गडगडत खुर्च्यांखाली गेला. लोक हसले. सेक्रेटरी साहेब चांगले आहेत, रागावले नाहीत. पण मला दिवसभर अन्न गेलं नाही. शाल पाहिली की मला पुंजाभाऊ आठवतात, आणि पुंजाभाऊ आठवले की आमच्या अख्ख्या गावाची लाज माझ्या एकट्याच्या मानेवर येऊन बसते.

धाकटी बहीण सीमा म्हणाली, लिहून काढ, शुद्धलेखन मी पाहीन. तिच्या भरवशावर लिहितो आहे. माझी शाळा नववीतच सुटली.

पुंजाभाऊ आमच्या गणातले पंचायत समितीचे सदस्य. राहणारे शेजारच्या गावचे, चार एकरांत पराटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. विरोधी पक्षाचे. निवडून आले तेव्हा विरोधात त्यांच्यासोबत आणखी काही जण होते, पण गावाचा विकास करायचा म्हणून एकेक जण सत्तेच्या बाजूला जाऊन बसला. उरले पुंजाभाऊ. त्यांच्याकडं जुनी लुना होती, तिचा आवाज लांबून यायचा. पंचायत समितीच्या फाटकावरचा शिपाई आत वर्दी द्यायचा, "आला. अख्खा विरोधी पक्ष आला. लुना लावून राह्यला."

उंच, काळे, जरासे वाकलेले. गळ्यात शेला, खांद्याला थैली. थैलीत पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेली भाकर आणि एक नारळ. हा नारळ देवाचा नव्हता.

रस्ता असो, पूल असो की शाळेची खोली, काम सुरू करताना भूमिपूजन होतं. मोठी माणसं येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुंजाभाऊ भूमिपूजनाला कधी जायचे नाहीत. ते म्हणायचे, "बारशाले तं सारेच येतात. मी तेरवीले येतो." काम संपलं, बिल निघालं, ठेकेदाराची गाडी निघून गेली, की मग लुना यायची. ते पुलाभोवती फिरायचे, वाकून खालून पाहायचे. गावातली चार माणसं गोळा झाली की थैलीतून नारळ काढायचे आणि कठड्यावर आपटायचे. नारळ फुटला तर काम पास. कठड्याचा टवका उडाला तर तो टवका शेल्याच्या टोकात बांधून ते पुढच्या सभेत घेऊन जायचे. खोबरं मात्र दोन्ही वेळा पोरांना वाटायचे.

एकदा इंजिनियर साहेब चिडले. "ही काय तपासणीची पद्धत झाली?"

"नाही सायेब," पुंजाभाऊ म्हणाले. "तपासनी तुमचीच. तुमच्या मशीनीले जाग यावी म्हनून हा नारळ."

घरी त्यांची बायको, इंदूवहिनी, त्यांना सोडत नसत. "दुसऱ्याच्या पुलावर नारळ फोडते आन् घरच्या देवाले खडीसाखर दाखवते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. भाऊ म्हणायचे, "देवाचं काम पक्कं आहे व, त्याले कायले तपासू."

चहा ते फक्त स्वतःच्या घरी प्यायचे. ऑफिसात कोणी कप पुढं केला की थैलीतली बाटली काढून दाखवायचे. मी एकदा विचारलं होतं, चहानं काय होते भाऊ? म्हणाले, "चा पिऊन प्रश्न विचारला तं आवाज गोड होते, बापा. गोड आवाजातला प्रश्न सायेबाले ऐकू येत नाही."

आणि प्रश्न तरी कसा विचारायचे? आवाज चढवणं नाही, टेबल बडवणं नाही. उभं राहायचं, शेला सावरायचा आणि म्हणायचं, "रागावू नका सायेब, अडानी मानूस आहो, समजावून सांगा." हे वाक्य ऐकलं की म्हणे समोरच्याच्या कपाळावर घाम यायचा. कारण पुढचा प्रश्न एवढा साधा असायचा की त्याला उत्तर द्यायला खरंच बोलावं लागायचं.

त्यांच्या गावच्या शाळेत हात धुवायची नवी जागा बांधली होती. भिंतीला टाईल, टाईलवर ओळीनं चकचकीत तोट्या, वर रंगवलेलं घोषवाक्य. पाहणीला तालुक्याचे साहेब आले. पुंजाभाऊंनी पुढं होऊन साबणाची वडी त्यांच्या हातात ठेवली. "सायेब, तुमच्या हातानं सुरुवात करा. पोट्ट्यायले दाखवा कसे धुवाचे." साहेब खूश. फोटोवाला तयार. पुंजाभाऊंनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातांवर शिंपडलं, साहेबांनी छान फेस केला, पोरांना नखं कशी चोळायची ते दाखवलं आणि तोटी फिरवली. मग दुसरी फिरवली. मग तिसरी. भिंतीच्या मागं पाईपच नव्हता, तोट्या नुसत्या सिमेंटात बसवल्या होत्या. साहेब फेसाचे दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे, रुमालसुद्धा काढता येईना. पोरं तोंडावर हात दाबून हसत होती.

तेव्हा पुंजाभाऊ स्वतः शाळेच्या रांजणातून लोटा भरून आले आणि त्यांनी साहेबांच्या हातांवर धार धरली. "लेकरंहो, हासू नका," ते म्हणाले. "सायेब पाव्हने आहेत. पाईपाचं मी सभेत विचारीन." साहेबांनी मान खाली घालून हात धुतले. पाईप लवकरच आला. हे मला त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या माझ्या मावशीनं सांगितलं, आणि सांगताना ती फेसाचे हात करून दाखवायची.

आता आमच्या गावाचं सांगतो.

आमच्या गावात पाण्याची टाकी होती. उंच, निळी, तिच्यावर योजनेचं नाव. प्रत्येक घरासमोर नळ होता. पाणी नव्हतं. नदीकाठच्या विहिरीपासून टाकीपर्यंत जो पाईप यायचा होता, तो मधल्या एका शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, येऊन संपला होता. कागदावर तो पूर्ण होता, त्याचं बिलही निघालं होतं. आई आजारी, बाबा रोजमजुरीला. म्हणून घरातला मोठा मी बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, ड्रम टाकून नदीवरून पाणी आणायचो. आपलं झालं की दुसऱ्यांचं. सकाळच्या दोन खेपांत शाळेची वेळ निघून जायची. असं करत करत शाळाच निघून गेली. पुढच्या वर्षी बंडीवर सीमा माझ्यासोबत बसायला लागली, आणि मला भीती वाटायला लागली.

पुंजाभाऊंनी सभेत किती वेळा विचारलं. उत्तर यायचं, काम पूर्ण आहे. एका उन्हाळ्यात ते आले, टाकीची शिडी चढले आणि आत उतरून बसले. खाली आवाज आला, घुमत घुमत, जसा गाभाऱ्यातून यावा. "मायबाप, मी टाकीत आहो. कोरडा आहो. घोट्याइतकं पानी झालं का बाहेर येतो."

ती टाकी म्हणजे उन्हाळ्यातला तवा. बायांनी दोरीला बांधून भाकर आणि ताक वर पाठवलं. दुपारपर्यंत आसपासच्या गावांतून माणसं जमली, मोबाईल निघाले, आणि ऊन उतरायच्या आत साहेबांची गाडी आली.

"भाऊ, खाली या, आपण चर्चा करू," साहेब खालून म्हणाले.

"सायेब, तुमीच वर या," टाकी बोलली. "जागा लय आहे. पान्याची तं काई अडचन नाही."

सगळं गाव हसलं. साहेबही हसले, आणि हसताना त्यांना लेखी द्यावं लागलं, तेव्हा भाऊ खाली उतरले. पावसाच्या आधी उरलेला पाईप टाकला गेला. पहिल्या दिवशी नळातून आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. आईनं नळाला कुंकू लावलं. माझ्याकडं पाहून म्हणाली, "एका लेकराची शाळा त्या ड्रमात गेली. दुसऱ्याची वाचली." सीमा पुढं यवतमाळला कॉलेजात गेली. आज जे शुद्धलेखन ती तपासते, ते त्या टाकीतून आलं आहे.

म्हणून गावाला वाटलं की पुंजाभाऊंचा सत्कार करावा. हे वाटणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

सरपंच माणिककाका, माझ्या बाबांचे चुलतभाऊ. मनानं चांगला माणूस. ते निमंत्रण घेऊन गेले, सोबत आम्ही दहा-बारा जण. पुंजाभाऊ अंगणात तुरीच्या शेंगा पाहत बसले होते. म्हणाले, "नळ चालू आहे न? झाला सत्कार." काकांनी ऐकलं नाही. बाया म्हणाल्या, तुमी नाही आले तं आमी नळ बंद ठेवू. तेव्हा ते हसले. मग सवयीनं विचारलं, "खर्च कोन करून राह्यलं?"

"गाव," माणिककाका म्हणाले. "घरोघर वर्गनी."

पुंजाभाऊंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. "मंग येतो," म्हणाले.

काका खोटं बोलले नव्हते. वर्गणी ठरली होती. पण वरची आळी म्हणे खालच्या आळीनं आधी द्यावी, खालची म्हणे त्यांच्याकडं नळ जास्त धावते. दिवस ठरून बसला होता, फ्लेक्स छापून आला होता, आचाऱ्याला सुपारी दिली होती, आणि वर्गणीच्या डब्यात काही नव्हतं. ग्रामपंचायतीत पाणीपट्टी जमा होती, मोटार बिघडली तर दुरुस्तीला. ग्रामसेवक तिला हात लावायला कचरत होते. माणिककाका त्यांना म्हणाले, "भाऊमुळंच पानी आलं. पान्याचा पैसा भाऊवर लागला तं त्यात पाप कायचं?"

पाणीपट्टीचे पैसे निघाले, आणि संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. आणि कोणालाच वावगं वाटलं नाही. उलट लोक म्हणाले, काका काय बोलला, लाख बोलला. मीही मान हलवली. आज इतक्या लांबून पाहतो तर कळतं, बाकीच्या ठिकाणी पैसा लबाडीनं जातो, आमच्या गावात तो प्रेमानं गेला. पण जाताना दोन्ही पैशांची वाट एकच असते.

सत्काराला पुंजाभाऊ धुतलेला सदरा घालून आले. खुर्चीवर बसायला तयार होईनात. पंगतीत सगळ्यांसोबत बसले. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. बुंदी मी वाढत होतो. आधी माणिककाकांनी भाऊंच्या अंगावर शाल घातली होती, लाल, जरीच्या काठाची. ती सांभाळत जेवताना त्यांची धांदल उडत होती. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी शालीचं टोक हातात घेऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आजवर मी कोनाच्या चाच्या कपाले हात लावला नाही. पन हे गावचं आहे. हे माह्या घरचं आहे." मग मला हाक मारली, "ये बापा, बुंदी आन अजून." जाताना इंदूवहिनींसाठीही फडक्यात बांधून नेली.

पुढं काही महिन्यांनी पंचायत समितीत सभा होती. कोणी मोठे नेते येऊन गेले होते, त्यांच्या हारतुऱ्यांचा आणि जेवणाचा खर्च कशातून केला, असा पुंजाभाऊंचा प्रश्न होता. ते उभे राहिले. रागावू नका, अडानी मानूस आहो, इथपर्यंत बोलले. सत्तेतले एक सदस्य बसल्या जागेवरूनच म्हणाले, "भाऊ, आदी आमाले समजावून सांगा. तुमच्या सत्काराची बुंदी कोनत्या नळातून आली?"

सभागृह हसलं. पुंजाभाऊंना वाटलं टिंगल आहे, म्हणून तेही थोडं हसले. मग त्यांना समजावून सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुना आमच्या गावात आली. दवंडीची गरजच पडली नाही. तो आवाज ऐकून लोक आपोआप ग्रामपंचायतीसमोर आले, पण कोणी पुढं होईना. जो तो दुसऱ्याच्या मागं. पुंजाभाऊंनी थैलीतून शाल काढली. घडी नीट होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, गळ्यातला शेला सावरला आणि आमच्याकडं पाहून म्हणाले,

"रागावू नका मायबाप. अडानी मानूस आहो, समजावून सांगा."

त्या दिवशी आम्ही साहेब झालो.

माणिककाका रडायला लागले. आपलं तेच सांगायला लागले, तुमच्यामुळंच पानी आलं, म्हनून. पुंजाभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माणिक, तू मले म्हनला असता तं मी घरून पोतंभर तूर आनली असती. वरन-भात खाल्ला असता आपुन. सत्कारच झाला असता थो." मग आमच्याकडं वळले. "कोनं केलं ते नाही विचारून राह्यलो. मले येवढंच सांगा, माहीत कोनाले होतं?"

 शेवटी माझ्या आईनं हात वर केला. डोक्यावरचा पदर एका हातानं धरून, दुसरा हात वर, शाळेतल्या पोरीसारखा. मग तिच्या शेजारणीनं केला. मग एकेक करून सगळे हात वर गेले, माझाही. पुंजाभाऊ ते हात पाहत उभे राहिले.

"म्हंजे अख्ख्या गावाले. मले सोडून," ते म्हणाले. ओट्यावरची शाल त्यांनी पुन्हा सारखी केली. "चूक माहीच आहे. सायबायच्या कामावर नारळ फोडत आलो. तुमच्या बोलन्यावर फोडून नाही पाह्यला."

शाल तिथंच ठेवून ते गेले. ज्या वर्गणीसाठी गाव महिनाभर भांडलं, ती दोन दिवसांत जमली आणि पाणीपट्टीत भरली गेली. वरच्या आळीनं आधी दिली. पुढच्या सभेत पुंजाभाऊंनी स्वतः उभं राहून स्वतःच्या सत्काराची चौकशी मागितली. चौकशी झाली, पैसे भरल्याचं लिहिलं गेलं, काकांना समज मिळाली. कागदावर सगळं मिटलं. पण त्यानंतर सभेत पुंजाभाऊ उभे राहिले की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "शाल." एवढंच. कुठल्या पुलाचं विचारा, कुठल्या शाळेचं विचारा, "शाल." आणि सगळे हसायचे, आणि प्रश्न तिथंच राहायचा. ज्या माणसाला साहेब, ठेकेदार, सभापती कोणी गप्प करू शकलं नाही, त्याच्या तोंडाला आम्ही बुंदी लावून गप्प केलं.

पुढं मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, सभाच होईनाशा झाल्या. मी तोवर पुण्याला आलो होतो.

मागच्या दिवाळीला गावी गेलो होतो. परत निघालो तेव्हा फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो. फाट्याजवळ नवा पूल झाला आहे. कठड्याला पिवळा-काळा रंग. तिथं पुंजाभाऊ उभे होते. लुना नव्हती, पायी आले होते. कठड्यावरून तळवा फिरवत होते, मधेच बोटाच्या सांध्यानं ठोकून कान लावत होते. थोड्या अंतरावर ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर टेकून मोबाईल पाहत होता. ऑटोवाले होते, कॉलेजची दोन-चार पोरं होती.

मी पाया पडलो. त्यांनी ओळखलं. "बुंदीवाला," म्हणाले, आणि खरंच हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. सीमाचं विचारलं, आईचं विचारलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भाऊ, नारळ नाही आनला?"

"आनला न." त्यांनी थैलीतून काढून दाखवला.

"मंग फोडत काहून नाही?"

"माह्या हातानं फोडला तं लोक शाल पाह्यतात, कठडा कोनी पाहात नाही." त्यांनी नारळ माझ्यापुढं धरला. "तुह्या हातानं पाह्यतील."

मी नारळ घेतला. ऑटोवाले बघायला लागले. मोटारसायकलवाल्यानं मोबाईल खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बॅगेकडं पाहिलं. माझे आई-बाबा याच गावात राहतात, असं माझ्या मनात आलं. आणि मग एसटी आली. कंडक्टर ओरडला, चला, यवतमाळ, यवतमाळ. मी नारळ हातात घेऊन तसाच बसमध्ये चढलो.

तो नारळ माझ्या खोलीत खिडकीत आहे. आता हलवला की आत गोटा वाजतो.

बस निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. मला वाटलं, ते माझ्याकडं पाहत असतील. ते पाहत नव्हते. रिकाम्या थैलीची त्यांनी घडी केली, काखेत मारली, शेला सावरला, आणि ते त्या मोटारसायकलवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. तो माणूस सीटवरून उठून सरळ झाला. पुंजाभाऊ काय बोलले ते बसच्या आवाजात ऐकू येण्यासारखं नव्हतं. मला ऐकायची गरजही नव्हती.

रागावू नका सायेब, अडानी मानूस आहो.